सोळा मैलांचा एक डाव

राजूरला गोल्फचं मैदान नाही. भोकरदन तालुक्यातल्या बहुतेकांनी हा खेळ पाहिला असेल तो टीव्हीवर, तोही चॅनल बदलता बदलता. तरी पी. जी. वुडहाऊस या इंग्रज लेखकाच्या गोल्फवरच्या प्रेमकथा इथल्या माणसाला पोट धरून हसवू शकतात, असं माझं ठाम मत आहे. या कथांमधलं हसू खेळाच्या माहितीतून थोडंच येतं. बरंचसं येतं कथेच्या बांधणीतून. ती बांधणी सुटी करून पाहता येते, आणि मग राजूरहून जालन्याला जाणाऱ्या रस्त्यावर पुन्हा जोडताही येते. या लेखात तेच करायचं आहे.

वुडहाऊसचा जन्म १८८१चा. तरुणपणी त्यानं लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत दोन वर्षं नोकरी केली आणि १९०२मध्ये ती सोडून पूर्णवेळ लेखणी धरली. गोल्फकथांचे त्याचे दोन संग्रह मुख्य. ‘द क्लिकिंग ऑफ कथबर्ट’ १९२२मध्ये आला, त्यात दहा कथा. ‘द हार्ट ऑफ अ गूफ’ १९२६मध्ये, त्यात नऊ. पुढे १९७३मध्ये त्याच्या गोल्फकथा ‘द गोल्फ ऑम्निबस’ या एका जाड पुस्तकात एकत्र आल्या. तो स्वतः मन लावून खेळायचा, पण सामान्य खेळाडू होता. अमेरिकेत एका हॉटेलच्या स्पर्धेत जिंकलेली पट्ट्यापट्ट्यांची छत्री हे त्याचं गोल्फमधलं मोठं यश. मला हे महत्त्वाचं वाटतं. अव्वल खेळाडू विजयाच्या गोष्टी लिहितो. सामान्य खेळाडूला वेड काय असतं ते आतून ठाऊक असतं.

आता खेळ, गोष्ट कळण्यापुरता. मैदानावर अठरा ‘होल’ असतात. प्रत्येक होलला एका ठरावीक जागेवरून चेंडू मारायला सुरुवात करायची आणि दूरवरच्या गुळगुळीत हिरवळीतल्या १०८ मिलिमीटर रुंदीच्या खळग्यात तो कमीत कमी टोल्यांत घालायचा. ती जागा आणि खळगा यांमधलं अंतर कधी शंभर-दीडशे मीटर, कधी पाचशे. अठरा होल पुरे करताना माणूस सहा-सात किलोमीटर सहज चालतो. वाटेत वाळूचे खड्डे, पाणी, गवत, झाडं. टोल्यासाठी निरनिराळे दांडे असतात आणि त्या काळी त्यांना आकड्यांऐवजी नावं होती: ब्रॅसी, मॅशी, निब्लिक. वाळूतून किंवा गवतातून चेंडू उचलून काढायचा तो निब्लिक. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे ‘हँडिकॅप’ म्हणून एक आकडा मिळतो. आकडा जितका लहान तितका खेळाडू चांगला.

कथांना खरा उपयोग होतो तो चार नियमांचा. चेंडू जिथे पडेल तिथूनच पुढचा टोला मारायचा, मग ती जागा कितीही अडचणीची असो. दुसरा खेळाडू टोला मारत असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. आपले टोले आपणच प्रामाणिकपणे मोजायचे, कारण रोजच्या खेळात पंच नसतो. आणि पुढचा गट संथ असेल तर तो वाट देईपर्यंत मागच्यांनी मुकाट्यानं थांबायचं. पहिल्या नियमातून चमत्कारिक प्रसंग निर्माण होतात, दुसऱ्यातून भांडणं, तिसऱ्यातून माणसाची पारख आणि चौथ्यातून संताप. चारही गोष्टी प्रेमकथेला लागतातच. वुडहाऊसनं गोल्फ निवडला त्यात आवड होती, तशी कारागिराची नजरही होती. फुटबॉलमध्ये माणसाला विचार करायला उसंत मिळत नाही. इथे दोन टोल्यांच्या मधे चालणं असतं आणि चालताना बोलणं. दोन माणसं तीन तास शेजारी शेजारी चालणार, त्यांच्या हातात लोखंडी दांडे असणार आणि दोघांचं एकाच मुलीवर प्रेम असणार. एवढ्यावर गोष्ट सुरू होते.

पण पहिला पेच कथा सुरू होण्याआधीच टाकलेला असतो, तो म्हणजे सांगणारा. यातल्या बहुतेक कथा एक वृद्ध सभासद सांगतो. त्याला नाव नाही, नुसता ‘सर्वांत जुना सभासद’. तो क्लबच्या गच्चीवर बसलेला असतो, स्वतः खेळणं त्यानं केव्हाच सोडलंय. एखादा तरुण तणतणत येतो, हा खेळ आजपासून बंद म्हणतो, किंवा प्रेमात हात पोळल्याचं सांगतो. म्हातारा एक सर्वसाधारण सिद्धांत मांडतो आणि मग त्याच्या दाखल्यासाठी गोष्ट काढतो. तरुण उठायला बघतो, पण त्याला उठता येत नाही. आपल्याकडे ज्यानं नारदीय कीर्तन ऐकलंय त्याला ही रचना चटकन ओळखू येईल. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यान कितीही रंगलं तरी ते निरूपणाला धरून चालतं.

हा वृद्ध काय साधतो ते नीट पाहायला हवं, कारण नव्या लेखकाची चूक बहुतेक इथेच होते. तो गोल्फची थट्टा करत नाही. त्याच्या लेखी गोल्फ ही जगातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे आणि प्रेम, लग्न, नोकरी, साहित्य यांची किंमत गोल्फवरून ठरते. एखादा तरुण चांगला नवरा होईल का, हे त्याला वाळूच्या खड्ड्यातलं त्याचं वागणं बघून कळतं. सांगणारा असा पूर्ण श्रद्धावान असला की हसण्याचं काम वाचकाकडे येतं. तोच डोळे मिचकावू लागला तर वाचकाला करायला काही उरत नाही. विनोदी म्हणून छापल्या जाणाऱ्या अनेक मराठी कथांत लेखक पात्राच्या आधी हसतो, आणि कथा तिथेच पडते.

दुसरा पेच अडथळ्याचा. प्रेमकथेत अडथळा लागतोच: जात, पैसा, आईबाप, परगाव. वुडहाऊसचा अडथळा गोल्फशी जोडलेला असतो आणि तो प्रेमिकाच्या नेमक्या दुखऱ्या जागी येतो. ‘द क्लिकिंग ऑफ कथबर्ट’ ही शीर्षककथा बघा. कथबर्ट बँक्स हा उत्तम गोल्फपटू, पुस्तकांशी त्याचा संबंध नाही. त्याचा चेंडू खिडकीतून एका साहित्य मंडळाच्या सभेत शिरतो आणि चेंडूमागोमाग तोही. तिथे त्याला ॲडलिन दिसते आणि तो प्रेमात पडतो. ॲडलिनच्या काकूच्या घरी हे मंडळ भरतं आणि ॲडलिनच्या मनात रेमंड डिव्हाइन हा उगवता कादंबरीकार भरलेला आहे. बिचारा कथबर्ट मंडळाचा सभासद होतो. गोल्फच्या वेळेत व्याख्यानं ऐकत बसतो. त्यातलं अवाक्षर त्याला कळत नाही.

मग गावात एक थोर रशियन कादंबरीकार येतो, व्लादिमीर ब्रुसिलॉफ. सगळं मंडळ त्याच्याकडे डोळे लावून बसलेलं. डिव्हाइन त्याच्यासमोर आपली विद्वत्ता दाखवायला जातो आणि ब्रुसिलॉफ त्याच्या आवडत्या लेखकांना एका फटक्यात निकालात काढतो. डिव्हाइनचा भाव घसरतो. कथा इथे संपवली असती तरी चालली असती, कथबर्टची वाट मोकळी झालीच होती. वुडहाऊस एक पाऊल पुढे जातो. ब्रुसिलॉफची नजर कथबर्टवर पडते आणि त्याचा चेहरा उजळतो. हाच तो फ्रेंच ओपन जिंकणारा! थोर लेखक गोल्फवेडा निघतो. ज्या दरबारात कथबर्ट शून्य होता, त्याच दरबारात दरबाराचा देवच त्याला वंदन करतो. ॲडलिनचं मत पालटायला आणखी कशाची गरज उरत नाही.

यातली जोडणी लक्षात घ्या. नायक बदललेला नाही, त्यानं काही सिद्धही केलेलं नाही. त्याची जी गोष्ट सभेत निरुपयोगी होती तीच शेवटी चालते. आणि तिला मान्यता देणारा माणूस शत्रूच्या गोटातला, सर्वांत वरच्या पायरीवरचा आहे. साहित्य संमेलनं भरवणाऱ्या आपल्या समाजात ही कथा अगदी घरची वाटते. तालुक्याच्या गावच्या साहित्य मंडळात बसलेला, कवितेतलं काही न कळणारा आणि तरी दर आठवड्याला येणारा एखादा कबड्डीपटू डोळ्यांसमोर आणा. तो कुणासाठी येतोय, हे सगळ्यांना माहीत असतं.

तिसरा पेच उलटापालटीचा, म्हणजे प्रेमिक स्वतःला सुधारायला जातो आणि बिघडतो. दुसऱ्या एका कथेतला जॉर्ज मॅकिंटॉश लाजाळू, सीलियाला मागणी घालायची त्याची हिंमत होत नाही. तो वक्तृत्व शिकतो. शिकतो म्हणजे इतका शिकतो की थांबतच नाही. सीलिया टोला मारत असतानाही त्याचं बोलणं चालू. शांततेचा नियम इथे कामाला येतो. शेवटी सीलिया त्याच्या डोक्यात निब्लिक घालते. चेस्टर मेरेडिथची गोष्ट याहून सरस. चेस्टर खेळताना मनसोक्त शिव्या देणारा. फेलिशिया बुद्धिवंत घराण्यातली, म्हणून तिच्यासमोर तो जीभ आवरून सभ्य होतो. त्याच्यापुढे चार संथ म्हाताऱ्यांची टोळी खेळतेय. मैदानाचा विक्रम मोडायची संधी आहे, फेलिशिया बघतेय आणि तो प्रत्येक वेळी राग गिळतोय. शेवटी बांध फुटतो आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटतो. फेलिशियाला त्याच क्षणी तो आवडतो, कारण घरातल्या गुळमुळीत सभ्यतेला ती केव्हाची कंटाळलेली असते. माझ्या मते ही वुडहाऊसची सर्वोत्तम गोल्फकथा. त्या टोळीतला प्रत्येक म्हातारा कथा लांबवतो आणि प्रत्येक लांबणीनं स्फोटाची दारू वाढते. एकही प्रसंग वाया गेलेला नाही.

हे कसब त्याला रंगभूमीवरून आलं. गाय बोल्टन आणि संगीतकार जेरोम कर्न यांच्याबरोबर त्यानं न्यूयॉर्कमध्ये संगीत सुखात्मिका केल्या. त्यांचं ‘ओह, बॉय!’ १९१७चं. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, १९१६मध्ये, गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं. एका तसबिरीवरून दोन जोड्यांच्या संसाराचा आणि प्रेमाचा गोंधळ करायचा आणि एकही धागा लोंबता न ठेवता तो सोडवायचा, हे देवलांनी ज्या सफाईनं केलं ती सफाई वुडहाऊसच्या जातीची. पु. ल. देशपांडे वुडहाऊसचे मोठे चाहते होते, यात मला नवल वाटत नाही. नाटक जगलेल्या माणसाला त्याची कारागिरी लगेच दिसते.

चौथा पेच प्रमाणाचा, आणि इथेच राजूर येतं. ‘द लाँग होल’ या कथेत आर्थर ज्यूक्स आणि राल्फ बिंगहॅम दोघेही अमांडा ट्रिव्हेटच्या मागे. एकाच होलच्या डावावर निकाल लावायचं ठरतं. सुरुवात नेहमीच्या पहिल्या जागेवरून, आणि ‘होल’ म्हणजे सोळा मैलांवरच्या शहरातल्या मॅजेस्टिक हॉटेलचं दार. सोळा मैल म्हणजे पावणेसव्वीस किलोमीटर. राजूर ते जालना साधारण तेवढंच. बाकी सगळे नियम जसेच्या तसे: चेंडू पडेल तिथून मारायचा, टोले मोजायचे, शंका आली की नियमांचा कीस पाडायचा. एका वेड्या गोष्टीला सगळी शिस्त लावली की ती हसू देते. शिस्त सोडली असती तर दोन माणसं रस्त्यानं चेंडू मारत चाललीत, एवढंच उरलं असतं. शेवटी अमांडा दोघांनाही मिळत नाही.

हे राजूरला कसं आणायचं? राजुरेश्वर गणपतीच्या टेकडीच्या पायथ्यापासून सुरुवात करा. खेळ गोल्फ नको. आपल्याकडे विटीदांडू आहे आणि त्यात लागतं ते सगळं आहे. गल आहे, कोलणं आहे, टोला आहे, झेल आहे, विटी पडेल तिथून पुढचा हिशेब आहे. आणि वाद आहेत, मुबलक. गावातले दोन मित्र, एकच मुलगी. जालन्यात गांधी चमनपाशी ज्याची विटी कमी टोल्यांत पोहोचेल तो आधी तिच्या घरी विचारायला जाईल. मुलीला यातलं काही माहीत नाही. ती जालन्याच्या कॉलेजात शिकते आणि रोज एसटीनं जाते-येते.

आता अडथळे, आणि ते त्या रस्त्याचेच हवेत. विटी कपाशीच्या रानात गेली तर शोधायची कशी, आणि शेतमालकाला काय सांगायचं? विहिरीत पडली तर? मोसंबीच्या बागेत झाडाला अडकली तर झाडावर चढून टोला मारायचा का? जालन्याची मोसंबी नावाजलेली, बागायतदार झाडाला दांडू लागू देईल का? मग विटी एका टेम्पोत पडते आणि टेम्पो जालन्याकडे निघून जातो. नियम सांगतो पडेल तिथून. पण टेम्पो थांबेल तिथे ‘पडली’ की चालत्या गाडीत आली तिथे? हा वाद सोडवायला गावातला एक म्हातारा सोबत हवा, आयुष्यभर विटीदांडू खेळलेला आणि विटीदांडूपेक्षा मोठं या जगात काही आहे असं न मानणारा. गोष्ट त्यानंच सांगायची.

दिवस अंगारकीचा निवडावा. अंगारकी चतुर्थीला राजूरला मोठी गर्दी होते, जालन्याकडून कितीतरी भाविक रात्री पायी निघतात. हे दोघे गर्दीच्या उलट दिशेनं चाललेले, हातात दांडू. भाविकांना वाटणार की दर्शन घेऊन परतणारी ही मुलं कसला नवस फेडत आहेत. कुणी चहा पाजेल, कुणी पाया पडेल. आणि एवढ्या पवित्र दिवशी, गणपतीचं नाव घेत जाणाऱ्या माणसांसमोर, टोला चुकला तरी शिवी देता येणार नाही. चेस्टर मेरेडिथची अडचण इथे आपोआप तयार होते. भाविकांची थट्टा मात्र एका ओळीतही नको; वेडे आहेत ते दोघे, आणि भाविकांचा चांगुलपणा त्यांना जितका अवघडून टाकेल तितकं चांगलं.

शेवट ठरवताना एक गोष्ट मनाशी घ्यावी. वुडहाऊसच्या काही कथांत मुलगी ही जिंकायची वस्तू होऊन बसते. त्याला हे जाणवत असावं, कारण असा सौदा करणाऱ्या पुरुषांच्या हाती तो सहसा काही लागू देत नाही. ‘अ वुमन इज ओन्ली अ वुमन’मध्येही दोन मित्र मुलीसाठी डाव मांडतात आणि शेवटी आपल्या खेळाकडेच परततात. पण आजच्या मराठी कथेत एवढ्यानं भागणार नाही. आपल्या कथेतल्या मुलीला बोलायला जागा हवी. ती एसटीतून उतरते, दोघांना धुळीनं माखलेलं बघते, सगळं ऐकून घेते आणि म्हाताऱ्याकडून दांडू मागून असा टोला हाणते की दोघेही बघत राहतात. लहानपणी भावांबरोबर ती खेळलेली असते, आणि तिला राज्य द्यायला कुणी तयार नसायचं. पुढे काय, ते लेखकानं ठरवावं. म्हातारा मात्र तिच्या बाजूचा झालेला असणार.

मराठीत ही जमीन नांगरलेली आहे. द. मा. मिरासदारांची भोकरवाडी, तिथले नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर. क्षुल्लक गोष्टीवर हे लोक जी गंभीर खलबतं करतात ती त्या वृद्ध सभासदाला शोभतील अशी आहेत. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले, म्हणून विनोदी कथा कानानं ऐकायची सवय आपल्याला आहे. आणि मराठवाड्यानं तर लक्ष्मण देशपांडे दिले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये त्यांनी एकट्यानं ५२ पात्रं उभी केली आणि मराठवाड्याच्या बोलीला महाराष्ट्रभर आणि बाहेरही टाळ्या मिळवून दिल्या. त्यातही एक लग्न आहे, एक लांबचा प्रवास आहे आणि आपल्या रीतीभाती प्राणपणानं जपणारी माणसं आहेत. खेळ आणि प्रेम एकत्र गुंफणाऱ्या विनोदी कथा मात्र आपल्याकडे फार थोड्या लिहिल्या गेल्या. कुस्तीचे आखाडे, टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा, कबड्डीची मैदानं एवढी भरलेली असताना ही उणीव मला खटकते.

राजूर-भोकरदनकडच्या कुणा तरुणानं किंवा तरुणीनं ही गोष्ट जरूर लिहावी. विटी, दांडू, टेम्पो, अंगारकी, सगळं घ्या. माझी काही हरकत नाही. लिहून झाल्यावर दिवाळी अंकाकडे पाठवण्याआधी ती चार माणसांत मोठ्यानं वाचा, आणि त्या चारांत विटीदांडू खेळलेला एक तरी म्हातारा असू द्या. नियमात कुठे चुकलात तर तो तुम्हाला तिथेच थांबवेल.